तैलरंगात निवडुंगाची बाग: काटे केसांसारखे का दिसतात?

वाघूरकाठ

राम राम मंडळी. २४ बाय ३० इंचाच्या आडव्या कॅनव्हासवर निवडुंगाच्या बागेचं तैलचित्र सुरू आहे. संदर्भाला फिनिक्सच्या (ॲरिझोना) डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमधले जून महिन्यातले फोटो आहेत. पुढे डावीकडे पाच गोल्डन बॅरल (गोळ्यासारखे, सोनेरी काट्यांचे निवडुंग), मध्ये आपल्या फड्यासारखं चपट्या फडांचं झुडूप, उजवीकडे मागे दोन उंच सग्वारो (खांबासारखे निवडुंग) आणि मधून वळत जाणारी खडीची वाट. कापड सुती, ॲक्रिलिक प्रायमरचे दोन हात, त्यावर बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) पातळ हात. रेखाटन झालंय, रंगाचा पहिला थर बाकी आहे.

छोट्या बोर्डवर सराव केला तर तीन गोष्टी अडतात. काटे काढले की बॅरल नारळासारखा केसाळ दिसतो. हिरवा खोटा वाटतो. आणि फोटोत सावल्या नीट कळत नाहीत, म्हणून अंगणात कुंडी ठेवून इथल्या उन्हात सावली बघावी असा विचार आहे. जळगावात पारा ४४ वर आहे, त्यामुळे रंग वाळण्याबाबतही काही सूचना असतील तर सांगा.

ब्रश_नंबर_दोन

काटे तूर्त बाजूला ठेवा. केसाळपणाचं मूळ काट्यांत नाही, खालच्या गोळ्यात आहे. गोळ्यावर धारा (अंगावरचे उभे कंगोरे) नीट बसल्या नाहीत की काटे कशातून निघालेत हे डोळ्याला कळत नाही, मग त्यांचे केस होतात. एकही काटा नसलेला बॅरल सहा फुटांवरून गोल आणि धारदार दिसला पाहिजे. तोवर रिगर (लांब केसांचा बारीक रेघांचा ब्रश) डब्यातच राहू द्या.

धारा अंदाजाने ओढू नका, सरळ हिशेब आहे. २४ धारा धरा. समोरून त्यातल्या निम्म्या दिसतात, प्रत्येकीच्या वाट्याला १५ अंश. गोळ्याची त्रिज्या १० सेंमी असेल तर मधल्या उभ्या रेघेपासून दोन्ही बाजूंना २.६, ५, ७.१, ८.७, ९.७ आणि १० सेंमीवर खुणा येतात. म्हणजे मधली पट्टी अडीच सेंमीची आणि काठाची जेमतेम ३ मिलिमीटर. बहुतेक चित्रांत सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या काढलेल्या असतात आणि तिथेच गोळा सपाट होतो.

बॅरल जमिनीवर आहे आणि आपण उभं राहून खाली बघतोय, हेही विसरू नका. नजर ४५ अंशांत खाली असेल तर सगळ्या धारा जिथे मिळतात तो शेंडा वरच्या कडेवर येत नाही, केंद्राच्या वर ७ सेंमीवर येतो. त्याच्या मागे पलीकडच्या धारांचे आखूड तुकडे दिसतात. आधी सांगितलेल्या खुणाही अशा वेळी आडव्या सरळ रेघेवर करायच्या नाहीत. पोटाशी २० सेंमी रुंद, १४ सेंमी उंच लंबवर्तुळ काढून त्याच्या खालच्या कमानीवर करायच्या. मग शेंड्यापासून प्रत्येक खुणेतून वळती रेघ खाली न्या.

छटा देताना आधी पूर्ण गोळ्याचे तीनच भाग: उजेड, मध्यम, सावली. फिल्बर्ट (चपटा, गोल टोकाचा ब्रश) ६ नंबर, फटकारे शेंड्याकडून बुडाकडे, धारेच्याच दिशेने. त्यानंतर धारा. भर उजेडात आणि भर सावलीत धारांमधला फरक कमी ठेवा. उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात तो सगळ्यात जास्त. तिथल्या तीन-चार धारा नीट जमल्या तर बाकीच्या नुसत्या सुचवल्या तरी भागतं.

साबरकांटी

वरच्यात झाडाच्या बाजूने थोडी भर. गोल्डन बॅरल मूळचा मध्य मेक्सिकोतला, ॲरिझोनातला नाही. बागेत लावलेला असतो म्हणून सग्वारोशेजारी चालतो. रानातलं दृश्य म्हणून रंगवलंत तर चूक ठरेल. मोठ्या झाडाला धारा तिसाच्या पुढे जातात, पण चित्रात २४ सोयीच्या आहेत, कुणी मोजत बसत नाही.

काटे धारेच्या माथ्यावरच येतात, खाचेत कधीच नाही. माथ्यावर ओळीने बारीक लोकरी टिकल्या असतात, एरिओल म्हणतात त्या. काटे त्यांच्यातूनच निघतात. एका टिकलीतून भोवती पसरलेले आठ-दहा आणि मधून बाहेर येणारे तीन-पाच जाड. शेंड्याकडे टिकल्या एकमेकींना खेटून, खाली अंतर वाढत जातं. रंगही बदलतो: शेंड्याचे काटे सोनपिवळे, मधले फिके, बुडाचे करडे आणि मोडके. शेंड्यावर साईच्या रंगाची लोकर असते आणि पिवळी फुलं त्या लोकरीतूनच गोलाकार येतात. बुडाशी अंग तपकिरी, बुचासारखं खरबरीत होतं. एवढं पाळलं तरी झाड ओळखू येतं.

आता एक मोठी गफलत टाळण्यासाठी. नमुना म्हणून शेताच्या बांधावरचा तीनधारी निवडुंग समोर घेऊ नका. आपल्याकडे तीनधारी, शेर, फड्या सगळ्यांना सरसकट साबर-निवडुंग म्हणतात, पण त्यातला फड्याच तेवढा खरा कॅक्टस, तोही अमेरिकेतून आलेला. तीनधारी आणि शेर युफोर्बिया कुळातले. तीनधारीला लोकरी टिकली नसते, धारेवर जोडीजोडीने आखूड काटे असतात आणि खरचटलं की दुधी चीक येतो. सग्वारोच्या अंगावर जोडकाटे रंगवले तर जाणकाराला लगेच कळतं. चीक डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो, म्हणून फांदी तोडून टेबलावर मांडायचा विचारही नको.

फड्या मात्र खुशाल बघा. सातपुड्याच्या पायथ्याशी, गावठाणाच्या कडेला सापडतो. फड सपाट नसतात. कडेला जाड, मध्ये किंचित फुगीर, आणि प्रत्येकाचा कल वेगळा. एक समोरून गोल दिसेल, शेजारचा कडेने नुसती पट्टी दिसेल. सगळे फड समोर तोंड करून उभे केले की झुडूप कागदी होतं. काट्याच्या बुडाशी केसाहून बारीक कुसळांचा पुंजका असतो. दुरून तो पिवळसर-तपकिरी ठिपका दिसतो, तसाच एका ठिपक्यात सोडा. बोटात कुसळं गेली तर चिकटपट्टी दाबून उपटावी, चोळू नये.

लळिंग४७

सावलीच्या प्रश्नाला उत्तर: इथे कुंडी ठेवून बघू नका. निदान मे-जुलैत तरी नाही.

जळगाव २१ उत्तर अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यानंतर सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, तेव्हा भर दुपारी कुंडीची सावली कुंडीखालीच. जूनमध्येही सूर्य माथ्यापासून अडीच अंशांच्या आतच असतो, तोही उत्तरेकडे. फिनिक्स ३३.५ वर आहे. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. २१ जूनलाही मध्यान्हीला ८० अंशांवरच, आणि दक्षिणेकडे. म्हणजे १० फूट सग्वारोची सावली तेव्हा पावणेदोन फूट, उत्तरेला पडलेली. डिसेंबरात तिथला सूर्य ३३ अंशांवर, त्याच झाडाची सावली १५ फुटांच्या वर.

तुमचे फोटो जूनचे आहेत. ऐन दुपारचे असतील तर सावल्या आखूडच, आणि आखूड सावलीने चित्र मरतं. सकाळी साडेआठ-नऊची वेळ धरा, सूर्य ४० अंशांच्या आसपास येतो. सावली झाडाच्या उंचीच्या सव्वापट ठेवा. पण एकदा धरलेली दिशा आणि उंची सगळ्या झाडांना तीच. डावीकडच्या बॅरलची सावली उजवीकडे आणि सग्वारोची समोर, असं वेगवेगळे फोटो जोडताना हमखास होतं. कॅनव्हासच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बाण काढून ठेवा.

कडा: बॅरलची सावली जमिनीला लागूनच पडते, म्हणून कड कापल्यासारखी. सग्वारोचा शेंडा जमिनीपासून दूर, त्याच्या सावलीच्या टोकाला कड इंच-दोन इंच विरघळते. चित्रात हा फरक कोरड्या ब्रशने एकदा ओढला की येतो, आणि उंची आपोआप कळते.

सावलीत काळा घालू नका. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा, निळ्याकडे झुकलेला. जमिनीचा रंग सावलीतही जाणवला पाहिजे, म्हणून शेवटी त्यात जमिनीचं मिश्रण थोडं.

वाघूरकाठ

हिशेब पटला, सकाळचीच वेळ धरतो. जमीन कशी धरू? फोटोत गुलाबीसर खडी आहे, मला वाळूच्या लाटा द्यायचा मोह होतोय.

साबरकांटी

मोह आवरा. सग्वारो सोनोरन वाळवंटात वाढतो, तिथली जमीन बहुतांशी खडीची, मुरमाड, झाडाझुडपांची. वाळूच्या टेकड्या जैसलमेरच्या. सग्वारोखाली राजस्थानी वाळू हा कॅलेंडरवाल्यांचा आवडता घोटाळा आहे. आणखी एक: सग्वारोला पहिली फांदी यायला बहुधा ५० ते १०० वर्षं लागतात. मागचा सग्वारो पुरुषभर उंचीचाच दाखवणार असाल तर त्याला हात देऊ नका, सरळ खांब ठेवा.

रंग: यलो ऑकर (मातकट पिवळा), पांढरा, बर्न्ट सिएनाचा कण. उजेडातली खडी तुमच्या मनात आहे त्यापेक्षा फिकी असते. आपल्या काळ्या जमिनीची सवय असलेला हात तिथे नकळत गडद जातो.

मेहरूणचं_बोर

हिरव्याबद्दल लिहिते. ट्यूबमधला तयार सॅप ग्रीन किंवा परमनंट ग्रीन थेट लावला की खोटेपणा येणारच, कारण निवडुंगाच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो आणि तो हिरव्यावर करडं-निळं पाणी चढवतो. तीन मिश्रणं वेगवेगळी करून ठेवा.

बॅरलच्या खाचांसाठी व्हिरिडियन दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग. पांढरा अजिबात नाही. हा जवळजवळ काळा, पण पारदर्शक हिरवा येतो, आणि खाच खोल जाते. पांढरा पडला की खाच वर येते. बॅरलच्या अंगासाठी यलो ऑकर तीन, अल्ट्रामरीन एक, गरजेपुरता टायटॅनियम व्हाइट. उजेडाच्या धारेवर यातच कॅडमियम लेमन टोचून. फडांसाठी क्रोमियम ऑक्साइड ग्रीन आणि पांढरा, त्यात अल्ट्रामरीनचा कण. हा रंग अपारदर्शक आणि मुळातच मळकट, फडांना फार जमतो. सग्वारो दूर आहेत, त्यांना बॅरलचंच मिश्रण घ्या आणि त्यात आकाशाचं मिश्रण चौथाईभर घाला.

खरी गंमत खालच्या बाजूला असते. सकाळच्या उन्हात जमीन इतकी तापलेली-उजळलेली असते की तिचा उजेड उसळून झाडाच्या पोटाखाली जातो. बॅरलच्या सावलीच्या बाजूला, बुडापासून वितभर वरपर्यंत ऑकरची ऊब द्या, वरच्या उतारांवर आकाशाचा निळसर पांढरा. मग तोच गोळा हिरवा न वाटता उन्हात ठेवलेला वाटतो. वरचा चमकता उजेड पिवळा करू नका, तो थंडच हवा.

हिरवा अजून ओरडत असेल तर पांढरा घालून फिका करू नका, बर्न्ट सिएना घालून दाबा. झिंक व्हाइट शक्यतो वापरू नका, काही वर्षांत ठिसूळ होऊन तडे जातात. ट्यूबच्या मागे बघा, काही मिश्र पांढऱ्यांत तो असतो.

टेर व्हर्ट, म्हणजे हिरवी माती, मिळाली तर दूरच्या झुडपांना वापरून बघा. तिची ताकद कमी, म्हणून मागे राहते. अजिंठ्याच्या भिंतींवरचा हिरवा याच जातीच्या मातीचा. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत अशी हिरवी खनिजं सापडतात.

भरीत_पार्टी

मध्येच विचारतो. लिनसीड ऑइल म्हणजे जवसाचंच तेल ना? चोपड्याकडे घाण्यावर ताजं मिळतं. ते चालेल का? की शेंगदाण्याचं टाकू 😄

तापीची_झळ

शेंगदाण्याचं तेल कधीच वाळत नाही, चित्र जन्मभर चिकट राहील. तिळाचंही नको. तैलरंग वाळतो म्हणजे त्यातलं काही उडून जात नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. हा गुण जवसाच्या तेलात भरपूर, करडईच्या तेलात कमी. करडईचं तेल कमी पिवळं पडतं, म्हणून रंगकंपन्या पांढऱ्यात वापरतात, पण ते उशिरा वाळतं आणि थर कमजोर.

घाण्याच्या तेलात चिकट द्रव्यं आणि गाळ राहतो, तो थर मऊ ठेवतो आणि पिवळेपणा वाढवतो. चित्रकलेच्या दुकानातलं रिफाइंड लिनसीड घ्या, एवढ्या चित्राला १०० मिलिची बाटली उरेल. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड त्याहून नको. त्यात वाळवण्यासाठी धातूंचे क्षार असतात, रंग काळवंडतो.

टर्पेंटाईनचंही तेच. रंगाच्या दुकानात टर्पेंटाईन म्हणून जे सुटं मिळतं ते बहुधा पेट्रोलियमचं. ब्रश धुवायला ठीक, पण डामर व्हार्निश (झाडाच्या राळेचं, रस्त्याच्या डांबराचं नव्हे) त्यात नीट विरघळत नाही. मिश्रणात आर्टिस्ट ग्रेडचं वापरा.

थरांचा नियम: खाली रुक्ष, वर तेलकट. पहिला थर फक्त टर्पेंटाईनने पातळ. दुसऱ्याला एक भाग तेल, दोन भाग टर्पेंटाईन. तिसऱ्याला निम्मं-निम्मं. उलट केलंत तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि वर्षभरात भेगा.

वाघूरकाठ

४४ अंशांत हे गणित बदलतं का? खोलीत कूलर असतो.

तापीची_झळ

क्रम तोच, वेळ बदलतो. टर्पेंटाईन या हवेत पॅलेटवरून भराभर उडतं, म्हणून अर्ध्या तासाने तोच रंग दाट लागतो. मिश्रण एकदम वाटीभर न करता छोट्या झाकणाच्या डबीत करा. पॅलेटवरच्या ढिगांवर काम थांबलं की प्लास्टिकचा कागद दाबून बसवा.

उष्णतेने साय लवकर धरते आणि फसवते. वरून कोरडं लागतं, आत मऊ. त्यावर दुसरा थर दिला की सुरकुत्या पडतात, विशेषतः जिथे तेल जास्त आणि थर जाड. अंबर (तपकिरी मातीचा रंग) असलेले भाग दोन-तीन दिवसांत वाळतात, टायटॅनियम व्हाइट आणि कॅडमियमला आठवडा सहज लागतो, ॲलिझरिनला (गडद लाल) त्याहून जास्त. नखाने कडेला हलकं दाबून बघायचं. खूण उठली तर अजून थांबा. वाळावं म्हणून उन्हात ठेवू नका, चौकट वाकते.

कूलरची थेट हवा चित्रावर नको. सुती कापड दमट हवेत आणि कोरड्या झळेत ताण बदलत राहतं; दिवसा कूलर, रात्री बंद, असं रोज झालं की कोपरे सैल पडतात. मागच्या लाकडी पाचरा हलक्या ठोकून ताण द्या, पण रंग ओला असताना नाही. कूलरचं तोंड दुसरीकडे आणि खिडकी उघडी, कारण टर्पेंटाईनची वाफ बंद खोलीत साठते. वावटळीची धूळ आणि जिनिंगकडचा कापूस ओल्या रंगावर बसतो, म्हणून रात्री चित्र भिंतीकडे तोंड करून तिरकं उभं करा. वर कापड टाकू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: जवसाच्या तेलाच्या चिंध्या. चोळामोळा करून कोपऱ्यात टाकलेली तेलकट चिंधी वाळताना स्वतःच तापते आणि पेटू शकते. मेमध्ये तर सुरुवातच ४४ पासून. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात टाका, किंवा एकेक चिंधी मोकळी पसरून बाहेर वाळवा.

लळिंग४७

बराबर शे भाऊ. चिंध्यांचं कुणी मनावर घेत नाही.

वाघूरकाठ

आता काट्यांकडे येऊ का?

तापीची_झळ

काटे खरवडून काढा. वरचा हिरवा थर ओला असताना बांबूच्या अणकुचीदार काडीने किंवा रिकाम्या रिफिलने ओरखडा ओढला की खालचा रंग उघडा पडतो. एकाच ताणात सरळ, बारीक, कडक रेघ येते, ब्रशने तशी येत नाही.

मात्र तुमचा तळ बर्न्ट सिएनाचा आहे, तिथे ओरखडा गंजलेला येईल. बॅरलच्या जागी आधी ऑकर, पांढरा आणि कॅडमियम यलोचा सपाट हात द्या, पूर्ण वाळू द्या, या हवेतही आठवडा धरा. त्यावर हिरव्याचा पातळ थर आणि मग ओरखडे. हात हलका. प्रायमर फाटलं तर तेल थेट सुतात उतरतं आणि कापड कुजतं.

ब्रश_नंबर_दोन

मागच्या दोन बॅरलसाठी मान्य, पुढच्यासाठी नाही. ओरखडा बुडापासून टोकापर्यंत एकाच जाडीचा असतो. काटा बुडाशी जाड, टोकाला नाहीसा. डोळा जवळ गेला की हे कळतं. शिवाय ओरखड्याची रेघ थराच्या खाली बसते, आणि काटा तर थराच्या वर यायला हवा.

पण मुळात काटे एकेक करून काढायचेच कशाला? उन्हात बॅरल बघितला तर काटे दिसत नाहीत, काट्यांनी अडवलेला उजेड दिसतो. कडेभोवती पिवळट धूसर पट्टा असतो आणि धारांच्या माथ्यावर उजेडाच्या तुटक रेघा. म्हणून आधी धूसर पट्टा. मागची जमीन अजून ओली असतानाच जुना, फुललेला हॉग (डुकराच्या राठ केसांचा) ब्रश घ्या, त्यावर ऑकर-पांढऱ्याचा अगदी कोरडा रंग, फडक्यावर जवळजवळ पुसून टाकलेला. बॅरलच्या कडेवरून बाहेरच्या दिशेने झटका. कड मऊ होते आणि ८० टक्के काटे तिथेच झाले. केसाळपणा येतो तो कडक कडेवर नंतर चिकटवलेल्या रेघांमुळे.

मग माथ्यावरच्या टिकल्या. ओळीने, शेंड्याकडे दाट, खाली विरळ. त्या वाळल्या की रिगर, ० किंवा १ नंबर. रंग शाईसारखा वाहता हवा. ब्रश भरून पॅलेटवर फिरवत टोक काढा, टिकलीवर टेकवा, बाहेर ओढत उचला. दाबापासून उचलण्यापर्यंत एकच हालचाल. हात थरथरत असेल तर चिंधी गुंडाळलेली काठी चित्रावर आडवी धरून मनगट तिच्यावर टेका. खालच्या बाजूचे काटे काढताना चित्रच उलटं करा, म्हणजे ओढ नेहमी आपल्याकडे राहते.

तीन रंगांत जा. आधी रॉ अंबर आणि ऑकरचे गडद, मग ऑकर-कॅडमियम यलोचे मधले, शेवटी पांढऱ्यात लेमन टोचून उजळ. दहा गडदांमागे पाच मधले आणि दोन उजळ, इतकंच. उजळ काटे फक्त पुढच्या एका बॅरलच्या उजेडाच्या खांद्यावर. गडद अंगावर काटा उजळ, उजळ आकाशावर तोच काटा गडद. सग्वारोच्या कडेला म्हणून पिवळे काटे काढू नका, तिथे ते तपकिरी धूसर दिसतात. आणि प्रत्येक टिकलीतून सारखी चांदणी छापू नका. समोरची चांदणी, बाजूची अर्धी, काठाची नुसती दोन-तीन टोकं.

मेहरूणचं_बोर

रिगरसाठी रंग नुसत्या टर्पेंटाईनने शाईसारखा करायचा नाही हेही सांगा. शेवटच्या थरावर तेल नसलेल्या रेघा नुसत्या चिकटून बसतात, व्हार्निशचा ब्रश फिरला की निघून येतात. लिक्विनसारखं अल्किड माध्यम (रंगात मिसळायचं, लवकर वाळणारं) एक-दोन थेंब, मग गरजेपुरतं टर्पेंटाईन. रेघ एका दिवसात धरते.

फडांच्या फळांना काय घेणार आहात? ॲलिझरिन क्रिमसन पांढऱ्यात मिसळला की उजेडात उडतो. क्विनाक्रिडोन मॅजेंटा घ्या, सावलीला त्यातच अल्ट्रामरीन.

साबरकांटी

फळांवरून आठवलं. कार्माइन हा जुना लाल रंग फड्यावरच्याच कोचिनील किड्यापासून काढत, आणि तोही उजेडात टिकत नाही. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्या रंगासाठी ब्राझीलहून किडे भारतात आणले, पण आली भलतीच जात. रंग हाती लागला नाही, फड्याची एक जात मात्र त्या किड्यांनी फस्त केली. फडांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते कोचिनीलच्याच जातकुळीतले किडे. बागेतल्या निगा राखलेल्या झाडावर नसतात, पण बांधावरचा फड्या रंगवताना दोन-चार पुंजके दिले तर झाड खरं वाटतं.

वाघूरकाठ

उत्तम. क्रम असा लावतोय: बॅरलच्या जागी पिवळा हात आणि तो वाळेपर्यंत आकाश-जमीन-सग्वारो, मग गोळे, कडेचा धूसर पट्टा, मागच्या दोन बॅरलना ओरखडे, शेवटी पुढच्यावर रिगर. व्हार्निश दिवाळीला देता येईल का? आणि काच लावू का?

तापीची_झळ

एक अडचण आहे. कडेच्या पट्ट्याला मागची जमीन ओली हवी, आणि तुमच्या क्रमात ती आठवडाभर आधी होते. बॅरलच्या भोवतीची चार बोटं जमीन तेव्हा मोकळी सोडा, गोळ्यांच्याच दिवशी भरा.

जूनअखेर चित्र संपलं तर दिवाळीला चारच महिने होतात आणि मध्ये पावसाळा. पातळ भागांना सहा महिने, पांढऱ्याचे जाड थर असतील तर वर्ष. तोपर्यंत मध्येच कुठे रंग शोषून मंद पडला तर रिटच व्हार्निशचा (पक्क्या व्हार्निशआधी द्यायचं पातळ, तात्पुरतं व्हार्निश) पातळ हात द्या. चित्र अंधाऱ्या कपाटात ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं.

काच नको. तैलचित्राला हवा लागते. लावताना पश्चिमेची भिंत टाळा. आपल्याकडे ती रात्री दहापर्यंत तापलेली असते आणि कापड मागून भाजतं. दुसरी जागाच नसेल तर चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे अर्धा इंच जाड तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि कापड यांच्यात हवा खेळती राहते. पावसाळ्यात भिंतीला ओल येते तेव्हाही तेच उपयोगी पडतात.